हायड्रोजनचा शेअर आणि ढिगातला ओला दाणा

रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यात रात्र उशिरा सुरू होते. इशाची नमाज आणि तिच्यामागून तरावीह, म्हणजे फक्त याच महिन्यात रात्री पढली जाणारी लांब नमाज, आटोपली की मशिदीसमोरच्या चहाच्या टपरीवर बैठक भरते. पूर्वी या बैठकीचे विषय ठरलेले होते: क्रिकेट, तुरीचा भाव, कुणाच्या मुलीचं कुठे ठरलं. गेल्या पाच-सहा वर्षांत त्यात एक नवा विषय येऊन बसला आहे. शेअर, आणि तेही अमेरिकेतले. मोबाइलवर खातं उघडून आपल्या गावातून न्यूयॉर्कच्या बाजारातला शेअर घेता येतो, हे आता पोरांना रेल्वेचं तिकीट काढण्याइतकं सोपं वाटतं. तो बाजार आपल्या घड्याळाने रात्री आठला उघडतो. मार्चमध्ये तिकडची घड्याळं तासभर पुढे सरकली की सातला. म्हणजे इफ्तारचा खजूर तोंडात टाकला, मगरिबची नमाज झाली, की एक डोळा भज्यांच्या ताटावर आणि दुसरा मोबाइलवर.

या बैठकीत सर्वांत जास्त चर्चा कोणत्या शेअरची होत असेल? बँकांची नव्हे, औषध कंपन्यांचीही नव्हे. हायड्रोजनची. 'हायड्रोजन फ्युएल सेल बनवणारी कंपनी आहे, पुढच्या दहा वर्षांत डिझेल संपणार, इन्शाअल्लाह दसगुना' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की कोण कोणत्या कंपनीबद्दल बोलतो आहे हे कळेनासं होतं. मी त्या बाकावर बसून गप्प राहतो. गप्प राहण्याचं कारण आहे, आणि ते आज सांगायचं ठरवलं आहे.

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. २०२० च्या अखेरीस, करोनामुळे माझा भाचा पुण्यातली नोकरी घरून करत होता, तेव्हा एका संध्याकाळी त्याने विचारलं, "मामू, ये फ्युएल सेल क्या होता है?" शिक्षकाला असा प्रश्न म्हणजे मेजवानीच. मी कागद घेतला आणि चित्र काढून दाखवलं. एका बाजूने हायड्रोजन येतो, प्लॅटिनमच्या थराशी त्याचे दोन तुकडे होतात, प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन. मध्ये एक पातळ पडदा आहे. तो प्रोटॉनला वाट देतो, इलेक्ट्रॉनला अडवतो. अडवलेला इलेक्ट्रॉन मग तारेतून लांबच्या रस्त्याने पलीकडे जातो, आणि तारेतून इलेक्ट्रॉन वाहणं म्हणजेच वीज. पलीकडे ऑक्सिजन वाट पाहत असतो. तिघांची भेट झाली की पाणी तयार होतं. धूर नाही, काजळी नाही. विल्यम ग्रोव्ह या वेल्सच्या शास्त्रज्ञाने १८३९ च्या सुमारास हा प्रयोग केला होता, आणि चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांत अंतराळवीर याच यंत्रातून निघालेलं पाणी पीत होते, हेही मी सांगितलं. भाच्याचे डोळे चमकले. "मतलब टेक्नॉलॉजी सच्ची है?" मी म्हणालो, "सोळा आणे सच्ची."

त्याने रसायनशास्त्राचा प्रश्न विचारला होता, असं मला वाटलं. त्याला माझं उत्तर शेअरचा सल्ला वाटलं. जानेवारी २०२१ मध्ये त्याने अमेरिकेतल्या अशाच एका कंपनीत दोन लाख ऐंशी हजार रुपये घातले.

ती कंपनी कोणती हे मी लिहीत नाही. घरची गोष्ट आहे, आणि त्याने भावाच्या शिखरावर घेतले यात कंपनीचा गुन्हा नाही. पण त्या महिन्यात या धंद्यातल्या जवळजवळ सगळ्याच कंपन्या शिखरावर होत्या, आणि त्यांपैकी दोघींची कहाणी आता हिशेबाच्या कागदांत आणि कोर्टाच्या निकालात नोंदलेली आहे. ती टपरीवर कुणी सांगत नाही.

पहिली निकोला. ट्रेव्हर मिल्टन या माणसाने अमेरिकेत उभी केलेली, हायड्रोजनवर चालणारे मालवाहू ट्रक बनवू पाहणारी कंपनी. जून २०२० मध्ये तिचा शेअर बाजारात आला आणि काही दिवसांतच तिची बाजारातली किंमत शंभर वर्षांहून जुन्या फोर्ड कंपनीच्या पुढे गेली. तेव्हा तिने एकही ट्रक विकलेला नव्हता. त्या तिमाहीतलं तिचं उत्पन्न होतं ३६ हजार डॉलर, आणि तेही ट्रकचं नव्हे, मिल्टन यांच्याच जागी सौरपॅनेल बसवून दिल्याचं. सप्टेंबरमध्ये हिंडेनबर्ग रिसर्चने अहवाल काढला. होय, तीच हिंडेनबर्ग, जिचं नाव जानेवारी २०२३ मध्ये अदानी प्रकरणात आपल्याकडे घरोघरी पोचलं. (शेअर पडला की पैसे मिळवणं हाच त्यांचा धंदा होता, हे विसरू नये.) निकोलाने २०१८ मध्ये ट्रक रस्त्यावरून धावतानाचा व्हिडिओ दाखवला होता. अहवालाचं म्हणणं असं की तो ट्रक स्वतःच्या ताकदीवर धावत नव्हताच. उतारावर नेऊन नुसता सोडून दिला होता. कंपनीने यावर दिलेला खुलासा मी वर्गात मुलांना सांगतो. ट्रक स्वतःच्या इंजिनावर चालतो असं आम्ही त्या व्हिडिओत म्हटलंच नव्हतं, आम्ही फक्त 'गतिमान' म्हटलं होतं!

मिल्टन यांना ऑक्टोबर २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल ज्यूरीने दोषी ठरवलं, डिसेंबर २०२३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली, आणि मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. त्याच्या महिनाभर आधी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. मधल्या काळात तिने खरे ट्रक बनवले, मोजके विकलेही. सरकारी वकिलांचा मुद्दा मात्र मला महत्त्वाचा वाटतो: मिल्टन यांचं बोलणं मोठ्या फंडांसाठी नव्हतं, तर करोनात घरी बसून पहिल्यांदाच शेअर घेणाऱ्या साध्या माणसांसाठी होतं. समाजमाध्यमं, टीव्हीवरच्या मुलाखती, पॉडकास्ट. म्हणजे आमची टपरीच, फक्त मोठी.

दुसरी कहाणी प्लग पॉवरची. इथे उतारावरून सोडलेला ट्रक नाही, आणि म्हणूनच ती अधिक शिकवते. १९९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यात सुरू झालेली ही कंपनी खरा माल बनवते. मोठ्या गोदामांत माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट गाड्यांना ती फ्युएल सेल बसवून देते. ॲमेझॉन आणि वॉलमार्ट तिची गिऱ्हाइकं आहेत. बॅटरी चार्ज व्हायला तास लागतात, हायड्रोजन काही मिनिटांत भरतो. तीन पाळ्यांत चालणाऱ्या गोदामात या फरकाला किंमत आहे. आता शेअरचा भाव पाहा. २००० च्या तेजीत शंभर डॉलरच्या वर. २०११ मध्ये कंपनीने दहा शेअरांचा एक केला, तरीही २०१३ च्या सुरुवातीला भाव पंधरा सेंटच्या आसपास. जानेवारी २०२१ मध्ये सत्तर डॉलरच्या पुढे. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने स्वतःच सांगितलं की पुढचं वर्षभर धंदा चालू राहील याबद्दल शंका आहे, आणि एका दिवसात शेअर चाळीस टक्क्यांच्या आसपास कोसळला. मे २०२५ मध्ये एका डॉलरच्या खाली. १९९७ पासून २०२४ पर्यंत एकाही वर्षी नफा नाही.

गंमत अशी की यातलं काहीही लपवलेलं नव्हतं. २०१७ मध्ये कंपनीने ॲमेझॉन आणि वॉलमार्टला, तुम्ही आमचा माल घेत गेलात तर आमचे साडेपाच-साडेपाच कोटी शेअर घेण्याचे हक्क तुम्हाला मिळत जातील, असा करार करून दिला. गिऱ्हाइकाने माल घ्यावा म्हणून गिऱ्हाइकालाच दुकानात वाटा. त्या हक्कांची किंमत विक्रीतून वजा करावी लागते, आणि २०२० मध्ये ती इतकी फुगली की कंपनीच्या पूर्ण वर्षाच्या विक्रीचा आकडा शून्याच्याही खाली, नऊ कोटी डॉलरहून अधिक उणे निघाला. माझे वाणिज्य विभागातले सहकारी पस्तीस वर्षं हिशेब शिकवताहेत. त्यांना मी हे दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तोटा उणे पाहिलाय, नफा उणे म्हणतात तेही ऐकलंय. विक्रीच उणे पहिल्यांदा बघतोय."

आणखी एक गोष्ट त्यांनीच दाखवली. २०१३ च्या अखेरीस या कंपनीचे शेअर होते साधारण साडेदहा कोटी. २०२५ मध्ये शंभर कोटींच्या वर. नफा नाही, मग पगार, कारखाने, यंत्रं कशातून? नवे शेअर छापून, ते विकून. रमजानात मशिदीत हलीमची देग चढते. शंभर माणसांचा अंदाज असतो आणि हजार येतात, तेव्हा आचारी काय करतो हे सगळ्यांना माहीत आहे. वाडगा प्रत्येकाला मिळतो, त्यात पाणी किती आणि गोश्त किती एवढाच प्रश्न. ज्याच्याकडे जुने शेअर आहेत त्याचा आकडा मोबाइलवर तेवढाच दिसतो. वाटा मात्र दहावा उरलेला असतो.

मी टपरीवरची चर्चा नीट ऐकली आहे. तिथे कोणते प्रश्न विचारले जातात? 'टार्गेट काय?' 'आणखी पडला तर ॲव्हरेज करू का?' म्हणजे महाग घेतलेला शेअर स्वस्तात आणखी घेऊन सरासरी खाली आणू का. आणि आमच्या लोकांचा खास प्रश्न, 'हलाल आहे ना?' हा प्रश्न रास्त आहे. दारू, जुगार, व्याजाचा धंदा नको आणि कंपनीवरचं व्याजी कर्ज ठरावीक मर्यादेत, साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आत हवं, अशी उलेमांनी आखलेली चाळणी आहे. तिच्या आधारे आपल्याकडे निफ्टीचा शरिया निर्देशांकही निघतो. हायड्रोजन कंपनी या चाळणीतून बहुतेक वेळा सहज पार पडते. ती दारू विकत नाही, वीज बनवते. पण 'हलाल' असं उत्तर आलं की पोरं थांबतात, जणू पुढे विचारायचं काही उरलंच नाही. शेअर एवढे कशाने वाढले, पैसे किती महिने पुरतील, गिऱ्हाईक खरं पैसे देतं की आपणच त्याला देतो, हे कुणी विचारत नाही. आमच्या फिकहमध्ये, म्हणजे व्यवहाराच्या धर्मशास्त्रात, 'गरर' असा एक शब्द आहे: झाकलेला सौदा, ज्यात आपण नक्की काय घेतो आहोत हे घेणाऱ्याला ठाऊक नसतं. त्याचा संबंध फक्त कंपनीने काय सांगितलं याच्याशी आहे असं मी समजत होतो. सांगितलेलं न वाचता घेतलेल्या सौद्याला काय म्हणायचं?

माझे अब्बा मार्केट यार्डात मापाडी होते. पोतं काट्यावर चढण्याआधी व्यापारी त्यात लोखंडी नळी खुपसून आतला दाणा हातावर घ्यायचा, ते मी लहानपणी रोज पाहिलं आहे. वरचा दाणा कुणीच बघत नसे. वरचा दाणा नेहमी चांगलाच असतो. अब्बा तेव्हा प्रेषितांची मदिनेच्या बाजारातली ती हकीकत सांगायचे. धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला, बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला पाऊस लागला होता. मग ओला माल वर का ठेवला नाहीस, लोकांना दिसला असता, असं त्यांनी विचारलं. ही हकीकत विक्रेत्यासाठी आहे, असंच आम्हाला शिकवलं गेलं. आता मला त्यातला हातही दिसतो. त्यांनी ढिगात हात घातला होता.

आणि माझं स्वतःचं काय? भाच्याला मी पडदा, प्रोटॉन, पाणी सगळं सांगितलं. पण दुसरा अर्धा धडा सांगितला नाही, जो मला पाठ होता. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन मिळवायला पन्नास युनिटांहून अधिक वीज लागते. तोच किलोभर हायड्रोजन फ्युएल सेलमध्ये घातला तर सोळा-सतरा युनिट वीज परत मिळते. तीन रुपये घालून एक रुपया. बॅटरीत हीच वीज साठवली तर तीन चतुर्थांशाहून जास्त हाती येते. म्हणून जिथे बॅटरी जमत नाही, जड ट्रक, जहाजं, पोलादाची भट्टी, खतं, तिथे हायड्रोजनचा विचार गांभीर्याने होतो. प्रत्येक मोटारीत नव्हे. मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही, उलट. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात केपीआयटी आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांनी मिळून विकसित केलेली हायड्रोजन फ्युएल सेलवरची बस लोकांसमोर आली तेव्हा मी विद्यार्थ्यांना पेढे वाटले होते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने हरित हायड्रोजन मोहिमेला १९ हजार ७४४ कोटींची मंजुरी दिली, तेव्हाही आनंद झाला. आपल्या मातीतल्या प्रयोगशाळेत हा पडदा बनतो आहे, ही लहान गोष्ट नाही. पण यंत्र चालणं आणि त्या यंत्राच्या कंपनीचा सत्तर डॉलरला घेतलेला शेअर चालणं यांत एक पूर्ण हिशेबाची वही असते. ती मी त्या संध्याकाळी उघडली नाही. चित्र काढण्यात मजा येत होती, हेच खरं.

यंदाच्या रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात भाचा आला. पाच वर्षांत तो या विषयावर माझ्याशी बोलला नव्हता. म्हणाला, "मामू, तोट्यातल्या शेअरवर जकात निघते का?" जकात म्हणजे वर्षभर गाठीशी राहिलेल्या बचतीतला चाळिसावा हिस्सा, शेकडा अडीच, गरिबाचा हक्क म्हणून काढून द्यायचा. बहुतेक मुसलमान तो हिशेब रमजानात करतात. मी म्हणालो, विकण्यासाठी घेतलेला शेअर असेल तर हिशेबाच्या दिवशीचा बाजारभाव धरायचा, घेतलेला भाव नव्हे. आज किती आहेत? त्याने मोबाइल पुढे केला. बावीस हजार चारशे.

मग हळूहळू दुसरी गोष्ट बाहेर आली. दोन लाख ऐंशी हजारांतले एक लाख दहा हजार त्याचे होते. एक लाख सत्तर हजार त्याच्या अम्मीचे, म्हणजे माझ्या आपाचे. हजसाठी शिवणकामातून साठवलेले. 'बँकेत ठेव' म्हणून तिने त्याच्या हातात दिले होते. तिला अजून माहीत नव्हतं.

आम्ही दोघे मौलानांकडे गेलो. त्यांनी शेअरबद्दल काही विचारलं नाही. त्यांचा एकच प्रश्न होता: "अम्मीने पैसे देताना काय सांगून दिले?" फरक यानेच पडतो. धंद्यात लाव, नफा-तोटा बघू, असं म्हणून दिले असते तर तोटा भांडवल देणाऱ्याचा. सांभाळून ठेव म्हणून दिले तर ती अमानत. ती परवानगीशिवाय वापरली की भरपाई वापरणाऱ्यावर. म्हणजे बावीस हजार उरोत की शून्य, भाचा अम्मीचे पूर्ण एक लाख सत्तर हजार देणं लागतो. ते कर्ज वजा केलं तर त्याच्याकडे जकातीइतकी शिल्लक उरत नाही. त्याच्यावर जकात नाही. आणि येणं असलेल्या रकमेवरची जकात? ती जिचे पैसे तिच्यावर. मौलाना बोलून गेले आणि भाचा खाली बघत राहिला. कारण त्याला ठाऊक होतं: आपा दर रमजानला त्या एक लाख सत्तर हजारांची जकात, चार हजार दोनशे पन्नास रुपये, न चुकता काढत होती. गल्लीच्या टोकाच्या एका विधवा बाईचं किराणा त्यातून भरलं जात होतं. पाच रमजान. मी मनात गुणाकार केला. एकवीस हजार दोनशे पन्नास.

सांगायचं इफ्तारनंतर, असं ठरवलं. उपाशीपोटी नको. त्या दिवशी वाणिज्यचे माझे सहकारीही घरी आले होते. दरवर्षी एक इफ्तार ते आमच्याकडे करतात आणि सरबतात साखर कमी घाला म्हणून दरवर्षी सांगतात. मी सुरुवात माझ्यापासून केली. त्या कागदावरच्या चित्रापासून. आपाने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. एकदाच विचारलं, "वो गाडी चढती भी है या खाली उतरती है?" निकोलाची गोष्ट मी मध्येच सांगितली होती, ती तिला लागली असावी. मग तिने भाच्याला वही आणायला सांगितली. कुराणातली सर्वांत लांब आयत नमाजीबद्दल किंवा रोज्याबद्दल नाही, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. एक लाख सत्तर हजार, दरमहा आठ हजार, पुढच्या महिन्यापासून. भाच्याने लिहिलं, तिने दोनदा वाचून घेतलं. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे, दुसरी माझ्या सहकाऱ्यांची. सही करण्याआधी त्यांनी सवयीप्रमाणे बेरीज तपासली आणि शेवटचा हप्ता दोन हजारांचा येतो हे दाखवून दिलं.

सात वाजले होते. टेबलावर उलटा ठेवलेला भाच्याचा मोबाइल थरथरला. आपाने खजुराची बशी उचलून त्याच्यावर ठेवली आणि चहा टाकायला आत गेली.